परबकाकांचं पाणी

"काका हल्ली पाणीच घालत नाहीत वाटतं," ठक्करआंटी म्हणाल्या.

"वय झालं ना आता," त्यांच्यासोबतची बाई म्हणाली. "विसरत असतील."

मी त्या दोघींपासून चार हातांवर, अरेका पामच्या मोठ्या कुंडीमागे उकिडवी बसले होते. हातात भिंग, गुडघ्यावर फॉर्म. मुलुंडच्या त्या सोसायटीत पार्किंगच्या छतावर बाग केलेली आहे. संध्याकाळी लोक तिथे गोल गोल चालतात, आणि त्या दोघी दम घ्यायला नेमक्या माझ्या कुंडीसमोर थांबल्या होत्या. मी उठले असते तर त्यांना कळलं असतं की मी ऐकलंय. मग हसावं लागलं असतं, काहीतरी बोलावं लागलं असतं. मी उठले नाही. त्या पुढे जाईपर्यंत मी फॉर्म भरून टाकला. 'कारण' या रकान्यात इंग्रजीत लिहिलं: पाणी अपुरं, माळ्याचं दुर्लक्ष.

तिथले माळी परबकाका दहा पावलांवर पाइप गुंडाळत उभे होते. त्यांना विचारता आलं असतं. कुंडीत बोट खुपसून ओल बघता आली असती. त्याला पाच सेकंद लागतात. मी दोन्ही केलं नाही. सकाळपासूनची ती माझी सहावी जागा होती आणि कानावर वाक्य तयार आलं होतं.

मी साकीनाक्याच्या एका छोट्या कंपनीत काम करते. आमच्या गाळ्याखाली लेथ मशीनचं वर्कशॉप आहे, त्यामुळे ऑफिसातली झाडं दिवसभर थोडी थरथरत असतात. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या ऑफिसांची आणि सोसायट्यांची शोभेची झाडं आम्ही सांभाळतो. सांभाळतो म्हणजे पाणी आम्ही घालत नाही, ते तिथला माळी किंवा शिपाई घालतो. मी महिन्यातून दोनदा जाते, झाडं बघते, काय बिघडलंय ते लिहिते आणि काय घालायचं ते सांगते. लोक 'झाडांची डॉक्टर' म्हणतात तेव्हा मला अवघडायला होतं. डॉक्टरचा पेशंट निदान कुठे दुखतंय ते स्वतः सांगतो. माझ्या पेशंटच्या वतीने भलतेच लोक बोलतात.

आणि तेही किती. बोरिवलीच्या एक निवृत्त शिक्षिका रोज सकाळी त्यांच्या एक्झोराच्या फुलझाडाचा फोटो पाठवून विचारतात, "आज कशी दिसते?" जणू संध्याकाळी तिला बघायला मुलाकडचे येणार आहेत. अंधेरीतल्या एका ऑफिसात उरलेली कोल्ड कॉफी मनीप्लांटच्या कुंडीत ओततात आणि मी विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. तो मनीप्लांट अजून जिवंत आहे. का, ते मला सांगता येत नाही.

गप्प राहण्याची माझी सवय जुनी आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे तोंडून मराठी निघालं की बाई डोळे वटारायच्या. घरी मामा आले की माझ्या मराठीची नक्कल करून हसायचे, प्रेमानेच. दोन्हीकडे न बोलणं सोयीचं पडायचं. लिहिणं मात्र जमायचं. रिपोर्टमध्ये मी धीट असते, कारण तिथे समोर कोणी उभं नसतं.

त्या संध्याकाळी मी पाहिलं होतं ते असं. जास्वंदीच्या खालच्या पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत झालेल्या, कोणीतरी पेटती उदबत्ती कडेकडेने फिरवावी तशा. अरेकाच्या जुन्या झावळ्यांवर नारिंगी ठिपके. ऑक्टोबरचं ऊन नुकतंच सरलेलं. पानांच्या कडा जळल्या की जो तो म्हणतो, पाणी कमी पडलं. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

पण पाणी कमी पडलं की आधी कोवळे शेंडे मान टाकतात. इथे शेंडे ताठ होते. जळत होती ती फक्त जुनी, खालची पानं. हे पालाश कमी पडल्याचं लक्षण आहे. पालाश म्हणजे पोटॅशियम. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असं लिहिलेलं असतं, हे शब्द मी नोकरीला लागल्यावर गोण्या वाचून शिकले. झाडाला पालाश पुरेनासं झालं की ते जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतं. घरात जेवण कमी पडलं की आजी आपल्या ताटातलं नातवाच्या ताटात सरकवते, तसं. आजी काही बोलत नाही, म्हणून इतरांना कळायला उशीर होतो.

कॉलेजच्या परीक्षेत मला हा प्रश्न आला होता. पूर्ण मार्क मिळाले होते.

मी रिपोर्ट पाठवला. ठक्करआंटी बाग कमिटीच्या प्रमुख. त्यांनी परबकाकांना बोलावून सांगितलं, "काका, सगळ्यांची तक्रार आहे हां. तुम्ही पाणी घालत नाही. आता रोज दोन टाइम घालायचं, बरोबर?" हे मला नंतर कळलं. काका म्हणाले, "घालतो ना मॅडम." मग म्हणाले, "बरं." रिपोर्ट असा काही असतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि असतं तरी तो इंग्रजीत होता.

इथे थोडं मागे जायला हवं. त्याच वर्षी जूनमध्ये त्या सोसायटीचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मी तीन गोष्टी केल्या होत्या, तिन्ही विचार करून आणि तिन्ही कागदावर बरोबर.

एक, छतावर वजन नको म्हणून कुंड्यांतली माती काढून कोकोपीटचं हलकं मिश्रण भरलं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा धुतलेला भुसा. वजनाला हलका, पण खत धरून ठेवायला मातीइतका चिवट नाही. वरून पाणी घातलं की खालच्या भोकातून पाण्याबरोबर खतही जातं.

दुसरी म्हणजे नत्राचं खत सुरू केलं. काम नवीन होतं आणि लोकांना हिरवं बघायला आवडतं. महिनाभरात बाग अशी लुसलुशीत झाली की ठक्करआंटींनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले. तळहाताएवढं जास्वंदीचं पान. मोठ्या पानाला तहानही मोठी असते, पण ती फोटोत दिसत नाही.

आणि परबकाकांची राख बंद केली.

भांडुपच्या एका जुन्या बेकरीच्या लाकडाच्या भट्टीतली राख ते पोत्यातून आणायचे आणि कुंड्यांत मूठमूठ पसरायचे. ती उडून खालच्या मजल्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, अशी तक्रार होती. मी त्यांना विचारलं, "राख कशाला घालता काका?"

"मुंग्या येत नाय, मॅडम."

"मुंग्यांसाठी मी दुसरं देते. राख नको."

"बरं."

परबकाका मालवणकडचे. ती सोसायटी उभी राहण्याआधी त्याच जागेवर रंगाचा कारखाना होता, त्याच्या फाटकाजवळच्या बागेचे ते माळी होते. कारखाना गेला, टॉवर आले आणि काका जागेवरच राहिले. झाडांबद्दल ते कधी शिकवायच्या सुरात बोलायचे नाहीत. लाकडाच्या राखेत पालाश असतं हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्यांना ती मुंग्यांसाठी हवी होती. तरी झाडांना पालाश मिळत होतं ते त्यांच्या हातून, माझ्या नाही. मी राखेची वकिली करत नाही. प्रत्येक पोत्यातली राख वेगळी असते आणि जास्त झाली तर मुळांचं वाटोळं करते. पण ती बंद केल्यावर तिच्या जागी काय द्यायचं, हा विचार माझा होता आणि तो मी केला नव्हता. मग चार महिन्यांच्या पावसाने कुंड्यांत जे काही उरलं होतं तेही धुऊन नेलं. नोव्हेंबरात कडा जळल्या आणि मी लिहिलं, पाणी वाढवा. म्हणजे उरलंसुरलंही धुवा.

जानेवारीच्या शेवटी जलवाहिनीच्या कामासाठी पाणीकपात लागली. सोसायटीने ठरवलं, बागेला एक दिवसाआड पाणी. एवढ्याने काही मरू नये. जास्वंद, तगर, अरेका ही मुंबईत मुरलेली झाडं आहेत. पण तिसऱ्याच दिवशी दुपारी एक वाजता अख्खी बाग मान टाकून उभी होती. ठक्करआंटींनी व्हिडिओ पाठवला. पानं पिळून वाळत घातलेल्या फडक्यांसारखी लोंबत होती.

पालाशचं खरं काम इथे कळतं. पानाच्या खालच्या अंगाला, डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक दारं असतात. त्यातून झाड हवा घेतं आणि त्यातूनच त्याचं पाणी उडून जातं. प्रत्येक दाराला दोन पेशींचा पहारा असतो. त्या पेशी पालाशच्या जोरावर पाणी ओढून फुगतात आणि दार उघडतं. पालाश बाहेर सोडून त्या सैल पडल्या की दार मिटतं. पाणी कमी आहे असं कळलं की शहाणं झाड भर दुपारी दारं लावून घेतं आणि आहे तेवढ्यावर निभावतं. पालाश नसेल तर दारं धड उघडतही नाहीत आणि धड मिटतही नाहीत. वॉचमन जाग्यावर आहे, पण गेटची कडीच बसत नाही. जो येईल तो आत, जे असेल ते बाहेर. मुळंही अशा झाडाची तोकडी राहतात. तेव्हा दुष्काळात झाड टिकणार की नाही हे बरंचसं दुष्काळाच्या आधीच्या जेवणावर ठरलेलं असतं. लोकांना वाटतं ते पाण्यावर ठरतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठक्करआंटींचा फोन आला. "आम्ही डिसिजन घेतला हां. या महिन्यानंतर काका नाही. टायमरवालं ड्रिप बसवणार, माणसाची कटकटच नको. तू नोव्हेंबरमध्येच बरोबर लिहिलं होतंस. तोच रिपोर्ट मी मीटिंगमध्ये वाचून दाखवला."

मी म्हणाले, "ओके, आंटी." आपण लिहिलेलं कोणी मोठ्याने वाचून दाखवेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्या शनिवारी मी मुलुंडला गेले ती भर दुपारी. बाग मलूल होती. जनरेटरच्या मागे, जिथे कोणी चालायला जात नाही, तिथे दहा-बारा जुन्या कुंड्या मांडलेल्या दिसल्या. जास्वंद, एक तगर, दोन क्रोटन. सगळी ताठ उभी. मी कुंडीत बोट घातलं. आत कोरडं होतं, बागेतल्या कुंड्यांपेक्षाही कोरडं.

"ही कोणाची, काका?"

"कोणाचीच नाय. तुम्ही जूनमध्ये टाकून द्या म्हणालात ना, ती."

"पाणी केव्हा घालता?"

"उरलंसुरलं. कधी घालतो, कधी राहतं."

"आणि हे?" वरच्या थरावर राखाडी भुगा होता.

काकांनी खाली बघितलं. "हितं कोणाचे कपडे नसतात वाळत," ते म्हणाले.

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. टाकून दिलेली झाडं कमी पाण्यात उभी होती आणि माझ्या देखरेखीखालची पडली होती. कोकोपीट नाही, नत्र नाही, राख आहे. परीक्षेतला प्रश्न माझ्यासमोर कुंड्यांत मांडून ठेवला होता.

पाइप ठेवायला ते पंपरूममध्ये गेले, मी मागोमाग गेले. दाराच्या आतल्या बाजूला विटेच्या तुकड्याने ओढलेल्या लाल रेघा होत्या. ओळीच्या ओळी. दिवसाला दोन, कुठे कुठे तीन. कपात लागल्यापासून एक दिवसाआड.

"हे काय, काका?"

"पाण्याचा हिशोब. घातलं की रेघ."

"काही ठिकाणी तीन का?"

"रेघ मारली की नाय ते नक्की वाटलं नाय, तर परत घालायचं. मग परत रेघ."

मी मान हलवली. मला ते शिस्तीचं वाटलं, आणि मनात नोंद झाली ती एवढीच की तिसऱ्या पाण्याने खत आणखी वाहून गेलं असणार. माणूस समोर उभा राहून काय सांगतोय, ते मला ऐकू आलं नाही.

मी बागेतल्या एकसारख्या बारा जास्वंदी निवडल्या. सहांना पोटॅशचं खत, सल्फेटचं, मोजून, पाण्यात विरघळवून दिलं. सहांना नाही. कुठल्या सहांना ते काकांना सांगितलं नाही, म्हणजे त्यांचा हात नकळत इकडे-तिकडे होऊ नये. पानं प्रयोगशाळेत पाठवली. आणि कमिटीला लिहिलं की निकाल येईपर्यंत कुठलाही बदल करू नये. ड्रिपवाल्याला तसाही वेळ नव्हता, म्हणून त्यांनी मार्चच्या मध्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. म्हणजे काकांच्या नोकरीला सहा कुंड्यांचा आधार होता आणि सहा आठवड्यांची मुदत होती.

प्रयोगशाळेचं उत्तर लवकर आलं: नत्र भरपूर, पालाश फार कमी. पण कागद दाखवून ठक्करआंटींना पटलं नसतं. त्यांना झाड उभं राहिलेलं दिसायला हवं होतं. तिसऱ्या आठवड्यात, पाणी नसलेल्या दिवशी, दुपारी मी गेले तर काका आधीच तिथे कमरेवर हात ठेवून उभे होते.

"मॅडम, ह्या बाजूची पोरं शहाणी झालीत," ते म्हणाले. "दुपारची गप ऱ्हवतत. ती बाजू अजून रडतेय."

त्यांनी सहाच्या सहा बरोबर ओळखल्या होत्या. त्या सहा जास्वंदी उन्हात पानं जरा आत वळवून, पण ताठ उभ्या होत्या. इतका आनंद मला कुठल्याही मार्कांनी दिलेला नाही. मी उरलेल्या बागेलाही पालाश सुरू केलं आणि नत्र निम्म्यावर आणलं.

जळलेली कड मात्र परत हिरवी होत नाही. हे मी गिऱ्हाइकांना आधीच सांगते, कारण ते रोज त्याच पानाकडे बघत बसतात. ती पानं यथावकाश गळतात. नवी नीट येतात.

नवा रिपोर्ट लिहायला बसले तेव्हा आमचे निमेषसर खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांनीच ही कंपनी काढलीय. "हे बघ," ते म्हणाले, "'चूक' वगैरे शब्द नको. 'रिव्हाइज्ड न्यूट्रिशन प्लॅन' लिही. क्लायंट खूश, काका खूश, तू खूश. कोणाला काय फरक पडतो यार?"

मी तसंच लिहिलं. खाली एक ओळ घातली: 'पाणी देण्याच्या कामात त्रुटी आढळली नाही.' कोणाला आढळली नाही, आधी कोणाला आढळली होती, यातलं काही त्या वाक्यात नव्हतं. असं वाक्य लिहिणं मला फार चांगलं येतं.

ते पुरलं. ठक्करआंटींनी स्वतः बारा कुंड्या बघितल्या आणि फोनवर म्हणाल्या, "चला, काका राहिले. बरं झालं. मलाच झोप नव्हती गं त्यांना काढायचं म्हणून." ठक्करआंटी वाईट नाहीत. त्यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला होता.

पुढच्या फेरीला काका माझी वाट बघत गेटवरच उभे होते. हातात पिशवी, पिशवीत कोकमाच्या आगळाची बाटली.

"काकीने दिलाय. म्हणाली, मॅडमनी सांभाळून घेतलं, रिकाम्या हाताने भेटू नको."

"मी काही नाही केलं, काका."

"कसं नाय? आंटीने सांगितलं माका. मॅडमनी लिहून दिलं म्हणून राहिलात." आम्ही बागेकडे चालायला लागलो. थोडं चालल्यावर ते म्हणाले, "पण माझा काय खरा नाय आता."

"म्हणजे?"

"विसरतो ना मी." ते अगदी साधेपणाने म्हणाले, गुडघा दुखतो म्हणावं तसं. "पाणी घातलेलं मला स्पष्ट आठवायचं. कुठल्या कुंडीपासून सुरू केलं, तेसुद्धा. आणि सगळी म्हणतत, काका पाणी घालत नाय. एवढी शिकलेली माणसं. मग काय समजायचं? माझ्या बापाचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी आमाला ओळखायचा नाय."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"काकी घेऊन गेली डॉक्टरकडे. त्याने गोळ्या दिल्यात. घेतो. आणि नातीला शाळेतून आणायचो दुपारचा, ते सोडलं. मोठा रस्ता आहे मध्ये. कुठे चाललोय तेच विसरलो आणि पोरीचा हात सुटला तर? सुनेला म्हटलं, तू बघ. सून कामावरून धावत येते आता. पोरगी रुसलीय माझ्यावर. म्हणते, आजोबांना माझा कंटाळा आला." ते हसले. "सहा वर्षांची आहे. तिला काय सांगू?"

मी म्हणाले, "आगळ छान आहे, काका." बाटली मी अजून उघडलीही नव्हती.

बाग बघितली. प्रत्येक कुंडीत बोट घालून बघितली. नवी पालवी नीट होती. पंपरूमच्या दारावर त्या दिवशीची रेघ होती, विटेचा तुकडा कडीवर ठेवलेला. रेघा पाण्याच्या नव्हत्याच. तो माणूस आपलं डोकं अजून जाग्यावर आहे की नाही, ते दारावर मोजत होता. आणि ते मोजायला मी लावलं होतं, पाच सेकंद वाचवून.

त्या दिवशी मी तशीच निघून आले. त्यानंतरच्या फेरीलाही तेच झालं. काका सलाम करायचे, मी मान हलवायची. हे सगळ्यात लाजिरवाणं आहे आणि इथे गाळता आलं असतं. चूक होऊन गेली होती, नोकरी वाचली होती, सांगायला फक्त दोन वाक्यं उरली होती आणि ती माझ्याच्याने निघत नव्हती. मला भीती त्यांच्या रागाची नव्हती. ते "बरं" म्हणतील, याची होती.

त्या दिवसांत माझं काम मात्र उत्तम चाललं होतं. मी जाईन तिथे पालाश तपासत होते. घाटकोपरच्या एका डेंटिस्टकडे पीस लिली होती. रविवारी दवाखाना बंद, पाणी नाही, म्हणून ती दर सोमवारी सकाळी जमिनीला टेकलेली असायची आणि रिसेप्शनिस्ट आल्या आल्या म्हणायची, "मेली परत." तिचं खत बदललं, एसीच्या झोतातून तिला हलवलं. तीन आठवड्यांनी सोमवारी ती उभी. डेंटिस्ट म्हणाले, "आता सोमवारी आम्ही बोलायचं कशावर?" त्या डेंटिस्टशी मी चक्क पाच मिनिटं बोलले. पानाची दारं, पहारा, कडी, सगळं. रिसेप्शनिस्टने मधेच विचारलं, "म्हणजे इतके दिवस उगाच मी तिला शिव्या देत होते?" मी म्हणाले, "हो." आणि बॅग उचलून निघाले.

तिथून मी ऑफिसला जाणार होते. रिक्षावाल्याला मुलुंड म्हणाले.

माझी फेरी नव्हती, त्यामुळे काकांना आश्चर्य वाटलं. अकरा वाजून गेले होते. ते पाइप घेऊन जास्वंदींपाशी होते, निम्म्या कुंड्या ओल्या झाल्या होत्या. "काय मॅडम, आज कशा? काय बिघडलं काय?"

रिक्षात मी वाक्य तयार केलं होतं. इंग्रजीत ते फार नीट होतं. मराठीत आणताना त्याचं 'झालं', 'लिहिलं गेलं', 'राहून गेलं' असंच काहीतरी होत होतं. त्यात मी कुठे येतच नव्हते. समोर ठक्करआंटी बागेवर नजर टाकत येत होत्या. त्या पुढे जाईपर्यंत थांबावं असं मला वाटलं. मग वाटलं, नको. त्या जवळ आल्या, थांबल्या, "अरे, तू आज?" म्हणाल्या. पाइपमधून पाणी चाललं होतं. काका माझ्याकडे बघत होते, रिपोर्टची वाट बघावी तसे.

मी म्हणाले, "काका, तुम्ही काही विसरला नव्हता. तुम्ही रोज पाणी घालत होता. घालत नाही असं मी लिहिलं होतं, न बघता. खत चुकलं होतं, आणि ते मी ठरवलं होतं. तो पाइप द्या माझ्याकडे, उरलेल्या कुंड्यांना मी घालते. शाळा सुटायची वेळ होईल, नातीला आणायला तुम्ही जा."